सपाट रस्त्यावर, आपल्या वयाच्या माणसांबरोबर

हसनैन एका श्वासात सात शब्द बोलतो. मी मोजले आहेत. चार वर्षांपूर्वी अकरा बोलायचा. सात झाले की तो थांबतो, मग ते वाक्य कुठेही असो. कर्ता येऊन गेलेला असतो, क्रियापद यायचं असतं, आणि मध्ये हा चहाचा पेला उचलतो. पेला बऱ्याचदा रिकामा असतो. गावातले लोक म्हणतात, हसनैन तोलूनमापून बोलणारा माणूस आहे.

हसनैन माझा थोरला भाऊ. वय सत्तेचाळीस. कफ्र दहमूशच्या जवसाच्या गिरणीत विंचरणीच्या हॉलमध्ये तो सत्तावीस वर्षं उभा आहे. कुजवून वाळवलेल्या जवसाच्या काड्या झोडल्या की वाख निघतो. तो वाख पोलादी दातांच्या कंगव्यांतून ओढला की त्याचे रेशमासारखे लांब केस होतात, आणि बाकीचं तूस हवेत जातं. हवेतून ते हसनैनच्या छातीत जातं. केसांचं पुढे लिनन होतं. उन्हाळ्यात फार हवेशीर वाटतं म्हणून कैरोतले श्रीमंत लोक ते घालतात.

मी तालुक्याच्या ठिकाणी कामगारांच्या वैद्यकीय समितीकडे तंत्रज्ञ आहे. फुंकायच्या यंत्रावर माझी नेमणूक. माणसाने छातीभर श्वास घ्यायचा, नळीत जीव खाऊन फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते यंत्र सांगतं. चौदा वर्षं मी ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ एवढंच बोलत आले. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईवर याहून मोठं भाषण करायची वेळ समितीने कधी आणली नव्हती.

समितीचे अध्यक्ष डॉक्टर शौकी महरान. त्यांचा आवडता शब्द ‘डिस्प्निया’. धाप म्हणायला त्यांना कसंतरी वाटतं. धाप रेड्याला लागते, ते म्हणतात, माणसाला डिस्प्निया होतो. शब्दाचा अर्थ काही अवघड नाही. ग्रीक भाषेत वाईट श्वास, बिघडलेला श्वास. पण वैद्यकात त्याला एक मेख आहे. छाती मिनिटाला किती वेळा वरखाली होते, ओठ निळसर झाले का, गळ्याच्या हाडामागे खड्डा पडतो का, हे सगळं आम्हाला बाहेरून दिसतं, पण तो डिस्प्निया नव्हे. श्वास अपुरा पडतोय ही त्या माणसाची स्वतःची जाणीव, तिला डिस्प्निया म्हणायचं. ती त्याची त्यालाच कळते, आणि त्याने तोंडाने सांगितली तरच कागदावर येते. व्याख्या ज्याने केली त्याच्या मनात रुग्णाचा मान राखायचा असणार. त्याचं दुखणं त्यालाच विचारा, असं त्याला म्हणायचं होतं. आमच्या समितीने त्या व्याख्येचं कुलूप केलं.

नियम असा: यंत्राचा आकडा त्या वयाच्या निरोगी छातीच्या मानाने साठ टक्क्यांच्या खाली हवा, आणि डिस्प्निया किमान दुसऱ्या पायरीचा हवा. दोन्ही असतील तरच धंद्यातून आलेला आजार. आकडा पडला, पण माणूस म्हणाला मला काही होत नाही, तर शेरा ठरलेला: ‘चाचणीस सहकार्य अपुरे.’ म्हणजे गड्याने नीट फुंकलं नाही. अशा चारशेअकरा शेऱ्यांखाली माझी सही आहे.

डिस्प्नियाच्या पायऱ्या शून्य ते चार. त्या ठरवायला छापील प्रश्न आहेत, आणि ते विचारायचं काम कारकून फिक्रीचं. पहिला प्रश्न, घाईने चालताना किंवा लहानशी टेकडी चढताना धाप लागते का? नाईलच्या खोऱ्यातल्या या मुलखात सर्वांत उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल.

“टेकडी कुठली, साहेब? आम्ही टेकडी पाहिलेली नाही.”

“म्हणजे चढताना धाप लागत नाही,” फिक्री म्हणतो, आणि ‘नाही’वर खूण करतो.

दुसरा प्रश्न, सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का? मूळ प्रश्नाला शेपटीही होती: की आपल्याच चालीने चालताना मध्ये थांबावं लागतं? पण फॉर्म छापणाऱ्याला ओळ पुरली नाही, म्हणून शेपटी कापली. उरलेल्या प्रश्नाला कफ्र दहमूशचा एकही माणूस ‘हो’ म्हणालेला नाही, आणि एकही खोटं बोललेला नाही. त्याच्या वयाची माणसं कोण? त्याच्या शेजारच्या कंगव्यावरची. ती सगळी सारखीच हळू चालतात. आमच्या गावात जनाजा निघतो तेव्हा खांदेकरी वीस-वीस पावलांवर बदलतात. शेजारच्या गावांत दोनशे पावलं नेतात. आमच्याकडे याला मृताविषयीचा आदर समजतात. एकदा बाहेरगावचे इमाम आले होते. त्यांनी शुक्रवारच्या प्रवचनात आमच्या चालीची तारीफ केली. चालावं तर दहमूशकरांसारखं, म्हणाले, भारदस्त. लोक खूश झाले. पुढच्या चटयांवर बसलेल्यांपैकी निम्मे तेव्हा मान खाली घालून श्वास जुळवत होते.

आणि सगळ्यात वर ‘अल्हम्दुलिल्लाह’. आमच्याकडे कुणी विचारलं, कसं आहे? तर उत्तर एकच. घर जळत असलं तरी तेच. तक्रार करणं म्हणजे देणाऱ्याला नावं ठेवणं. फिक्री विचारतो, “छातीचं कसं काय?” माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, “अल्हम्दुलिल्लाह.” फिक्री लिहितो, ‘डिस्प्निया: नाही.’ देवाचे आभार मानले की आमच्या समितीत माणूस बरा होतो.

माझा भाऊ नऊ वर्षं असाच बरा होत आला आहे. शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्याच्या पुढच्या तपासणीला सहा दिवस होते.

विषय नजातने काढला. नजात माझी वहिनी, दुमयातची, सुतारांच्या घरातली. नवी नवरी होती तेव्हा ती भराभर चालायची. सासऱ्यांच्या पुढे निघून जाते, निर्लज्ज आहे, म्हणून तिने सहा महिने बोलणी खाल्ली होती. आता तीही भारदस्त चालते.

“अवातिफ, तूच सांग याला,” मुलुखियाच्या पातळ भाजीचं पातेलं आणून आदळत ती म्हणाली. “झोपायला दोन उशा लागायच्या. मग तीन. आता बसूनच झोपतो. चौथी उशी कुठून आणू? माझ्या डोक्याखालची देऊ?”

“मान दुखते माझी,” हसनैन म्हणाला.

“मान दुखते म्हणे! मान शिट्टी वाजवते का रे? आमच्या खोलीत आगगाडीचं स्टेशन आहे, फक्त गाडी सुटत नाही.”

“हसनैन,” मी म्हणाले, “गुरुवारी एकच वाक्य बोल. मला धाप लागते. बाकी आकडा माझ्याकडे आहे.”

“आणि इब्तिहालची जागा?”

इब्तिहाल समोरच बसली होती. वीस वर्षांची, एकुलती एक. उद्योग शाळेचा डिप्लोमा झालेला. गिरणीची रीत अशी आहे की पंचवीस वर्षं झालेला कामगार आपल्या एका लेकराला आपल्याच यंत्रावर आणू शकतो, हाताखाली शिकवून जागा त्याच्या हवाली करू शकतो. अट एकच, बापाच्या तब्येतीचा कागद स्वच्छ हवा. जो आजारी ठरला त्याची जागा गोठते. ही रीत कुणी काढली माहीत नाही, पण काढणारा बुद्धिमान होता. तपासणीच्या खोलीत बाप उभा केला की लेकरू त्याच्या तोंडावर हात ठेवून उभं असतं.

“तिची तपासणीही गुरुवारीच,” हसनैन म्हणाला. “शनिवारी ती हजर होईल. तू गुरुवारी गप्प राहा. चौदा वर्षं राहिलीस, आणखी एक दिवस.”

हे मात्र खरं होतं.

“आणि मी सांगतो तिला सगळं,” तो पुढे म्हणाला. “इब्तिहाल, ऐक नीट. शनिवार सगळ्यात वाईट. शुक्रवारच्या सुट्टीत छातीची सवय मोडते. शनिवारी ती आवळते. रविवारी जरा सैल. गुरुवारपर्यंत काही कळत नाही.” त्याने पेला उचलला, ठेवला. “म्हणून शनिवारी पोटभर न्याहारी करायची नाही. दुपारपर्यंत बोलायचं नाही. कुणी हाक मारली आणि चालवत नसेल, तर बुटाची नाडी बांधायला वाकायचं.”

“बाबा, माझ्या चपलेला नाडी नाही.”

“मग नाडीचे बूट घे. पण फार वाकायचं नाही, वाकलं की आणखी चढते. त्यापेक्षा भिंतीवरचं वाचायचं. गिरणीत, दवाखान्यात, सगळीकडे भिंतीवर काहीतरी चिकटवलेलं असतंच. वाचत उभ्या माणसाला कुणी घाई करत नाही. उलट शिकलेला समजतात.”

मुलगी हसली नाही. तिने मान हलवली, जशी ती शाळेत हलवत असेल.

“वा!” नजात म्हणाली. “लोक लेकीला सोनं देतात. माझ्या बापाने मला कपाट दिलं. हा नाडी देतो!”

“जागा देतोय मी तिला,” हसनैन ओरडला. ओरडायला हवा लागते. तो खोकायला लागला, आणि जेवण तिथेच संपलं.

ताटं-वाट्या आवरताना नजात मला म्हणाली, “तुमच्या घराण्यात सगळेच शूर. एक बोलत नाही, एक लिहीत नाही.” मी ताटं विसळत राहिले. तिचं बरोबर होतं, पण तसं सांगितलं असतं तर ती आणखी बोलली असती.

गुरुवारी समिती भरते. वर्षानुवर्षं गुरुवारीच. आठवड्याच्या शेवटी छात्या धुळीला सरावलेल्या असतात, आणि शनिवारी आवळणारी माणसं गुरुवारी ताठ येतात. मी एकदा लेखी विचारलं होतं की तपासणी शनिवारी घेता येईल का. उत्तर आलं, अध्यक्षांना शनिवारी दुसरीकडे जायचं असतं.

हसनैन आणि इब्तिहाल सकाळी नऊला आले. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. तिने नाडीचे नवे बूट घातले होते. माझी नजर त्या बुटांवर गेली आणि मी ती उचलून यंत्राकडे नेली.

“फुंका,” मी म्हणाले. सगळ्यांना म्हणते तसंच. “फुंका, फुंका, अजून.”

तो फुंकत राहिला. मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. गड्याने नीट फुंकलं नाही असं जो म्हणेल त्याने ती मान पाहावी. तीन वेळा फुंकलं, तिन्ही आकडे एकमेकांना लागून. एक्कावन्न टक्के.

डॉक्टर महरान आत आले ते मोबाइलवर बोलत. ते रोज सकाळी क्लबात पोहतात, आणि ते पोहतात हे आम्हाला रोज सकाळी कळतं.

“बोला, उस्ता हसनैन! काय म्हणतो डिस्प्निया?” जुन्या कारागिराला ‘उस्ता’ म्हणायची आमच्याकडे रीत आहे.

“अल्हम्दुलिल्लाह, डॉक्टरसाहेब.”

“शाबास. फिक्री, विचार.”

फिक्रीने टेकडीचं विचारलं. हसनैनने टेकडी पाहिली नव्हती. फिक्रीने दुसरा प्रश्न घेतला. “सपाट रस्त्यावर आपल्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालता?”

“नाही. सगळ्यांबरोबरच चालतो.”

फिक्रीची पेन्सिल ‘नाही’पाशी पोचली, आणि मी म्हणाले, “एक मिनिट.”

खोलीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मोबाइल खाली केला.

“मिस अवातिफ बोलल्या! फिक्री, तारीख लिहून ठेव बाबा.”

“डॉक्टर, प्रश्नात आपल्या वयाची माणसं म्हटलंय. याच्या वयाची माणसं म्हणजे कोण?”

“म्हणजे काय? त्याच्या गावची. त्याच्या बरोबरची.”

“ती सगळी विंचरणीत आहेत. लंगड्याची चाल लंगड्यांशी ताडून पाहिली तर गावात कुणीच लंगडा निघणार नाही.”

फिक्री खुदकन हसला आणि लगेच खोकला. डॉक्टरांनी मान तिरकी केली. “बरं मग? कुणाशी ताडायची? टेलिव्हिजनवरच्या धावपटूंशी?”

“तुमच्याशी. तुमचा जन्म सत्त्याहत्तरचा. याचाही. फायलीत आहे. बाहेरचा व्हरांडा साठ मीटर आहे, सपाट आहे. तुम्ही दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. मी वेळ धरते.”

हसनैन माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी त्याचे कपडे उतरवले आहेत भर बाजारात. डॉक्टर मात्र एकदम खुलले. पोहणाऱ्या माणसाला प्रेक्षक मिळाले होते.

“का नाही? विज्ञान म्हणजे प्रयोग! चला, उस्ता. हरलात तर चहा तुमचा.”

व्हरांड्यात बाकांवर बसलेली माणसं पाय आत घेऊन सरसावली. मी घड्याळ लावलं. डॉक्टर निघाले, मोबाइल चालूच, कुणाला तरी सांगत की आत्ता एका गंमतीच्या प्रयोगात आहे. पंचेचाळीस सेकंदांत ते त्या टोकाच्या खिडकीपाशी होते. तिथून त्यांनी वळून पाहिलं.

हसनैन वीस मीटरपर्यंत ठीक चालला. पस्तीसपर्यंत गेला. तिथे भिंतीवर सूचनाफलक आहे. तो फलकासमोर थांबला, हात मागे बांधले, आणि वाचू लागला. तान्ह्या मुलांच्या लशींचं वेळापत्रक. पहिल्या महिन्यात कोणती, दुसऱ्या महिन्यात कोणती. त्याने ते इतक्या लक्षपूर्वक वाचलं की बाकावरची एक म्हातारी त्याला विचारू लागली, “बाळा, माझ्या नातीची चौथ्या महिन्याची कधी रे?” उत्तर द्यायला त्याच्याकडे हवा नव्हती. त्याने बोटाने ओळ दाखवली. मागे बांधलेल्या हातांपैकी एक आता भिंतीवर टेकलेला होता. सदरा पाठीला चिकटला होता, आणि त्याखाली बरगड्या आत ओढल्या जाताना मला इथून दिसत होत्या. मग तो पुन्हा निघाला.

दोन मिनिटं दहा सेकंद.

“काय हो उस्ता,” डॉक्टर म्हणाले, “मागे का राहिलात?”

हसनैन हसला. त्या हसण्यात तो श्वास भरून घेत होता, हे मला कळलं. “साहेबांच्या पुढे,” तो म्हणाला, “कसं चालायचं? अदब आहे की नाही?”

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत खोलीत आणलं. अर्थात हळूहळू, कारण आता तेही अदबीने चालत होते.

“पाहिलंत, मिस अवातिफ? याला संस्कार म्हणतात. हा डिस्प्निया नव्हे, ही सभ्यता. फिक्री, लिही: चाल मंद, कारण शिष्टाचार. डिस्प्निया: नाही. चाचणीस सहकार्य अपुरे.”

“अदबीला इतका वेळ लागत नाही,” मी म्हणाले. “आणि सहकार्य पुरेसं होतं. तीन फुंका एकसारख्या आहेत. तो शेरा लिहिलात तर त्याखाली माझी सही नसेल.”

“तुमची सही यंत्रासाठी आहे, मताला नाही.” डॉक्टर अजून खुशीतच होते. “मी तुम्हाला समजावतो. डिस्प्निया ही जाणीव आहे. जाणीव घड्याळाने मोजता येते का? भूक मोजता का तुम्ही पट्टीने? मोजायची असेल तर ज्याची त्याला विचारायची. हसनैन, तुम्हाला जाणीव आहे का?”

“अल्हम्दुलिल्लाह.”

“झालं. जाणीवच नाही. तुमच्या भावाला मी कसं सांगू की त्याला काय वाटतं?”

व्याख्या म्हणून डॉक्टर महरान यांच्या वाक्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी वीस वर्षांपूर्वी परीक्षेत हेच लिहून गुण मिळवले होते. पण त्या क्षणी मला राग डॉक्टरांचा आला नाही. डॉक्टर एक फुगा होते, आणि फुग्यावर कोण रागावतं. राग मला त्या इस्त्रीच्या सदऱ्याचा आला. बैल घाण्याला जुंपलेला असतो तेव्हा निदान ‘मला घाणा आवडतो’ असं त्याला सांगावं लागत नाही. माझा भाऊ ते आपणहून सांगत होता, छातीवर हात ठेवून, नऊ वर्षं.

“आता मुलगी,” डॉक्टर म्हणाले. “तिला फुंकू द्या, की सुटलो.”

इब्तिहाल पुढे आली. मी नवी नळी लावली.

“छातीभर घे. फुंक.”

तिने फुंकलं. कागद वर सरकला. वक्र रेषा सरळ वर गेली, टोकदार, जशी पुस्तकात छापतात. आमच्या गावची अशी रेषा मी त्या यंत्रावर क्वचितच पाहिली होती. मी आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला.

“किती?” हसनैनने विचारलं.

त्याने आकडा कधीच विचारला नव्हता. नऊ वर्षांत एकदाही नाही. तो फुंकायचा, तोंड पुसायचा, आणि उठायचा.

“एकशे चार.”

“शंभराच्या वर असतं?”

“निरोगी छाती असली की असतं.”

“आणि माझे?”

“एक्कावन्न.”

त्याने मान हलवली. मग विचारलं, “मी लागलो तेव्हा... माझे किती असतील?”

“तेव्हा हे यंत्र नव्हतं इथे. पण तू कालवा पाण्याखालून ओलांडायचास. एका बुडीत. असेच असणार. एकशे चार.”

“अरे, कौटुंबिक गप्पा घरी,” डॉक्टर म्हणाले. “फिक्री, प्रश्न.”

फिक्रीने घसा साफ केला. “टेकडी चढताना...”

“अल्हम्दुलिल्लाह,” इब्तिहाल म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत. उजवा हात छातीवर, मान किंचित खाली, तोंडावर ते हसू. हुबेहूब. तिने आरशासमोर सराव केलेला असणार.

“वा वा!” डॉक्टर टेबलावर हात मारून हसले. “बापाची मुलगी शोभतेस! अजून कंगव्यावर उभी राहिली नाही, आणि उत्तर तयार! फिक्री, हिला काही विचारूच नकोस. डिस्प्निया: नाही. अशीच माणसं गिरणीला हवीत.” त्यांनी दोन्ही कागदांवर सही ठोकली, शिक्का मारला, आणि संमतीपत्र हसनैनकडे सरकवलं. “इथे तुमची सही, उस्ता. आजपासून जागा तिची. शनिवारी सकाळी सात.”

हसनैनने पेन घेतलं. कागदावर झुकला. वाकला की त्याची छाती चढते, त्यामुळे तो झुकलेला राहिला नाही, पुन्हा सरळ झाला. त्याने मुलीकडे पाहिलं. तिचा हात अजून छातीवर होता. सांगितल्याशिवाय तो खाली घ्यायचा नसतो, असं तिला वाटलं असावं.

“हात खाली घे,” तो म्हणाला.

तिने घेतला.

“करा सही, करा,” फिक्री म्हणाला. “बाहेर अजून नऊ जण आहेत.”

“काय झालं?” डॉक्टर म्हणाले. “कसली अडचण? आता तर सगळं स्वच्छ आहे.”

हसनैनने पेन टेबलावर आडवं ठेवलं. संमतीपत्र त्याने बोटाने डॉक्टरांच्या बाजूला परत ढकललं. त्या कागदाखाली त्याचा स्वतःचा कागद होता, शिक्क्याची शाई अजून ओली. तोही त्याने ढकलला. मग खुर्चीच्या पाठीला धरून तो उभा राहिला, आणि या वेळी त्याने हसून वेळ काढला नाही. उघड्या तोंडाने, सगळ्यांसमोर, त्याने श्वास घेतला. शिट्टीचा आवाज खोलीभर ऐकू आला. फिक्रीने मान खाली घातली.

“उस्ता?” डॉक्टर म्हणाले.

“खोडा ते, डॉक्टरसाहेब,” माझा भाऊ म्हणाला. “मला धाप लागते. नऊ वर्षं लागते. उभा असलो की लागते, बसलो की लागते, माझ्या बायकोच्या उशांना विचारा. तुमचा तो ग्रीक शब्द लिहा, नाहीतर रेड्याला लागते ती लिहा, काहीही लिहा. माझी जागा गोठवा. ही पोरगी गिरणीत येणार नाही.”